दुधाच्या दातांची छायाचित्रे

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागू लागले की घरोघरी एक तक्रार हमखास कानी येते. चिरंजीव चकली एकाच बाजूने चावतात, किंवा कन्यारत्न लाडू हातात घेऊन नुसतेच बसून राहते. आई त्याला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावते. दाढ वरून पांढरी स्वच्छ दिसते. आजीचे मत ठरलेले असते, "दुधाचेच दात ते, आज ना उद्या पडणारच!" शेवटी स्वारी दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसते आणि तो म्हणतो, "एक एक्स-रे काढून पाहू." आईबापांच्या मनात मग दोन शंका एकदम उभ्या राहतात. एवढ्याशा दाताला एक्स-रे हवाच कशाला? आणि एवढ्याशा जिवाला ते किरण बाधणार तर नाहीत?

या शंका आजच्या नव्हेत. मुलाच्या दाताचे छायाचित्र केव्हा घ्यावे आणि केव्हा घेऊ नये, हे ठरवायला दंतवैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या काळात काहींनी आपली बोटे गमावली, काहींनी प्राण. ती हकीकत ठाऊक असली म्हणजे खुर्चीशेजारी उभ्या राहिलेल्या आईबापांना आपला प्रश्न नीट विचारता येतो.

मुळात 'कीड' या शब्दापासूनच सुरुवात करू. दाताला खरोखरच एखादा किडा पोखरतो, अशी समजूत जगातल्या अनेक प्राचीन समाजांत होती. फ्रान्समधील प्येर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात या किड्याचे अस्तित्व नाकारले. पुढे १८९० साली बर्लिन येथे काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने खरा प्रकार उलगडून दाखविला. तोंडातले सूक्ष्म जंतू गोड व पिठूळ अन्नाच्या कणांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच हळूहळू विरघळवते. किडा गेला, शब्द मात्र राहिला. त्यात वावगे काही नाही. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की ही क्रिया महिनोन्‌महिने चालते, आणि दोन दाढा जेथे एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात तेथे ती डोळ्यांना दिसत नाही. दंतवैद्याचा आरसा व सळई तेथवर पोचत नाही. भिंतीच्या आत वाळवी लागावी आणि बाहेरचा रंग शाबूत असावा, तसा हा प्रकार.

त्या भिंतीच्या आत पाहण्याचे साधन मिलरच्या ग्रंथानंतर पाचच वर्षांनी सापडले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म रंटगेन याला आपल्या प्रयोगशाळेत एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्याने त्याला 'एक्स' म्हटले. आपण त्याला 'क्ष-किरण' म्हणू लागलो. डिसेंबरात त्याने पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट उमटली. या शोधाचे पेटंट रंटगेनने घेतले नाही, त्यामुळे ज्याला नळी आणि विजेची सोय जमली त्याने प्रयोग सुरू केले. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली रंटगेनलाच मिळाले.

बातमी फुटून काही दिवस झाले नाहीत तोच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइग शहरातील ओटो वाल्कहोफ या दंतवैद्याने आपल्याच दातांचे छायाचित्र घेतले. काळा कागद आणि रबर यांत गुंडाळलेली काचेची पट्टी तोंडात धरून तो पंचवीस मिनिटे किरणांसमोर निश्चल राहिला. आज जे काम सेकंदाच्या अंशात होते त्याला तेव्हा एवढा वेळ लागे. सहा वर्षांच्या मुलाला पंचवीस मिनिटे तोंडात काच धरून बसवायचे म्हणजे काय, याची कल्पना कोणत्याही आईला येईल! वाल्कहोफचा सहकारी फ्रिट्झ गीझेल याने पुढे किरणांवर आणि रेडियमवर पुष्कळ काम केले आणि त्यांच्याच बाधेने झालेल्या कर्करोगाने तो १९२७ साली मरण पावला.

त्याच १८९६ सालच्या प्रारंभी अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात एक मूल आणले गेले. अपघाताने बंदुकीची गोळी लागून ती त्याच्या डोक्यात राहिली होती. किरणांच्या साह्याने ती शोधता येईल का, असा प्रश्न होता. प्राध्यापक जॉन डॅनियल आणि विल्यम डडली यांनी विचार केला की मुलावर प्रयोग करण्यापूर्वी तो मोठ्या माणसावर करावा. डडलीने आपलेच डोके पुढे केले. किरण तासभर चालले. तीन आठवड्यांनी त्याच्या डोक्यावरचे तेवढ्याच जागेचे केस गळून पडले. किरण काहीतरी करून जातात, याची जगाला मिळालेली ही एक अगदी पहिली सूचना होती, आणि ती एका मुलाच्या वाटचे संकट वडीलधाऱ्याने स्वतःवर घेतल्यामुळे मिळाली.

सूचना मिळाली, पण ती ऐकली गेली नाही. न्यू ऑर्लिन्स शहरात एडमंड केल्स नावाचा अत्यंत कल्पक दंतवैद्य होता. १८९६ सालीच त्याने आपल्या दवाखान्यात यंत्र बसविले आणि जुलै महिन्यात अ‍ॅशव्हिल येथे जमलेल्या दंतवैद्यांना ते दाखविले. त्या काळच्या नळ्या मोठ्या लहरी असत. आज चालेल ती उद्या चालेलच असा नेम नसे. नळी ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी केल्स आपला हात किरणांच्या वाटेत धरी आणि पडद्यावर हाडे स्वच्छ दिसेपर्यंत नळी जुळवीत राही. असे त्याने वर्षानुवर्षे केले. दहा-बारा वर्षांनी हाताच्या कातडीवर व्रण दिसू लागले आणि त्यांतून कर्करोग उद्भवला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. प्रथम बोटे गेली, मग पंजा, मग हात. १९२८ साली या बुद्धिमान माणसाने असह्य वेदनांना कंटाळून आपल्याच हाताने जीवनाचा शेवट केला.

पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मात्र शहाणा माणूस आधीच होऊन गेला होता, पण त्याचे ऐकायला कोणी तयार नव्हते. बोस्टनचा दंतवैद्य विल्यम रॉलिन्स याचा हात १८९८ साली किरणांनी भाजला, आणि त्याने तेव्हापासून या विषयाचा पिच्छा पुरविला. १९०१ साली त्याने गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवून दिले की हे किरण प्राणही घेऊ शकतात. त्याने तीन साधे उपाय सांगितले. काम करणाऱ्याने किरण अडविणारा चष्मा लावावा. नळी शिशाच्या आवरणात बंद ठेवावी. आणि रोग्याच्या ज्या भागाचे चित्र हवे तेवढ्यावरच किरण पडू द्यावेत, बाकीचे अंग झाकावे. १९०४ साली त्याने आपली टिपणे पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली किरणांच्या बाधेने मरण पावला; एडिसनने त्या कामाला तत्पूर्वीच रामराम ठोकला होता. दंतवैद्यांनी मात्र रॉलिन्सची टिपणे बाजूला ठेवली, आणि फिल्म रोग्याच्या तोंडात स्वतःच्या बोटांनी धरून ठेवण्याची चाल पुढेही अनेक वर्षे राहिली.

आतापर्यंतची कथा वैद्यांच्या हाताची झाली. मुलांच्या दातांकडे ती वळली ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. १९१३ साली विल्यम कूलिज याने नव्या तऱ्हेची नळी बनविली. तिच्यातले किरण हवे तेवढे आणि हवे तसे मिळू लागले, हातावर पारख करण्याची गरज उरली नाही. काचेच्या पट्टीची जागा कागदात बंद केलेल्या लहानशा फिल्मने घेतली. १९२५ साली हॉवर्ड रेपर या अमेरिकन दंतवैद्याने एक साधी पण फार उपयोगाची युक्ती काढली. फिल्मला मधोमध एक छोटी पट्टी जोडायची आणि रोग्याने ती दातांत चावून धरायची. पट्टी पंखासारखी बाहेर येते म्हणून इंग्रजीत तिला 'बाइटविंग' नाव पडले. या एकाच चित्रात वरच्या आणि खालच्या दाढांची डोकी शेजारी शेजारी दिसतात. मुख्य म्हणजे दोन दाढांच्या मधली, कोणालाही न दिसणारी बाजू उघडी पडते.

रेपरचा हेतू स्पष्ट होता. दाढ ठणकू लागण्यापूर्वीच कीड सापडावी, म्हणजे थोडक्यात भागेल. लहान मुलांच्या बाबतीत हा हेतू विशेष सार्थ आहे. दुधाच्या दाढेचे कवच पक्क्या दाढेच्या मानाने पातळ असते आणि आतला मऊ गाभा पृष्ठभागाच्या जवळ असतो. त्यामुळे कीड एकदा शिरली की लवकर आत पोचते. शिवाय या दाढांची एकमेकींना लागणारी बाजू चपटी व रुंद असते, आणि साधारण चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामधली फट बहुधा बंद होते. आजीचे म्हणणे येथे थोडे दुरुस्त करावे लागते. समोरचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. मूल त्यांनीच जेवते, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागाही त्याच राखून ठेवतात.

तेव्हा साधन उत्तम होते. बिघाड झाला तो त्याच्या अतिवापराने. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रियल येथे व्याख्यान दिले आणि तोंडातल्या पुवामुळे शरीरात दूरवर रोग होतात असे आग्रहाने मांडले. त्यात सत्यांश होता, पण त्याचे पुढे खूळ झाले. एक्स-रेत दाताच्या मुळाशी जराशी सावली दिसली की संधिवातापासून वेडापर्यंत सर्व व्याधींचे मूळ तेच असे समजून दात उपटले जाऊ लागले. विशेष हे की या प्रकाराविरुद्ध ज्यांनी आवाज उठविला त्यांत खुद्द केल्स होता. ज्या यंत्रापायी त्याचा हात गेला, त्या यंत्राची बाजू त्याने सोडली नाही. छायाचित्र हा पुरावा असतो, निवाडा डोळसपणे रोग्याला तपासूनच करावयाचा असतो, अशी त्याची भूमिका होती.

दुसरा अतिरेक दवाखान्याबाहेर झाला. १९२० नंतर अमेरिका आणि युरोपातील जोड्यांच्या दुकानांत एक पेटी दिसू लागली. मुलाने नवा जोडा घालून तिच्यात पाय ठेवायचा आणि वरच्या झरोक्यातून आईने, विक्रेत्याने आणि खुद्द मुलाने पायाची हाडे पाहायची. जोडा बसतो की नाही हे बोटाने चाचपूनही कळले असते. परंतु मुलांना ती गंमत वाटे आणि दुकानदाराचा माल खपे. एकाच मुलाने दुपारभरात पाच जोडे घातले तर पाच वेळा किरण. ही पेटी कित्येक वर्षे चालली. १९५७ साली पेनसिल्व्हानिया राज्याने तिच्यावर बंदी घातली आणि हळूहळू ती सगळीकडून हद्दपार झाली.

तोवर काळजीची कारणे साठत आली होती. १९२७ साली हर्मन मुलर याने फळमाश्यांवर प्रयोग करून दाखविले की किरणांमुळे आनुवंशिक गुणांत बदल घडतात. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे जे वाचले त्यांची तपासणी पुढे अनेक दशके चालली. तीत आढळले की लहानपणी किरणांत सापडलेल्यांना पुढे कर्करोगाचा धोका मोठेपणी सापडलेल्यांपेक्षा अधिक. १९५६ व १९५८ साली इंग्लंडात अ‍ॅलिस स्टुअर्ट या डॉक्टरीणबाईंनी, आई गरोदर असताना तिच्या पोटाचे एक्स-रे काढले गेले असतील तर मुलाला कर्करोग होण्याची शक्यता वाढते, असे दाखवून दिले. त्यांच्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे दुसऱ्यांच्या अभ्यासांनी त्यांना दुजोरा दिला. वाढत्या अंगाच्या पेशी झपाट्याने विभागत असतात, आणि मुलापुढे आयुष्यही लांब असते. मोठ्यांना लावलेले माप मुलांना जसेच्या तसे लावता येत नाही, ही गोष्ट यातून पक्की झाली.

मग दाताचा एक्स-रे टाकूनच द्यावा काय? तसे मात्र नाही. येथे आकड्यांचा थोडा आधार घेऊ. पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून नैसर्गिक किरणांचा प्रसाद मिळतच असतो. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. आजच्या चांगल्या यंत्राने घेतलेल्या दातांच्या एका छोट्या चित्रातून मिळतो तो मिलिसीव्हर्टचा काही सहस्रांश, म्हणजे निसर्ग आपल्याला एखाद्या दिवसात देतो साधारण तेवढा. १९५५ साली पूर्वीपेक्षा वेगवान फिल्म निघाली, १९८१ साली तिच्याहून वेगवान, आणि १९८७ साली फ्रान्समध्ये फ्रान्सिस मुयाँ याने फिल्मच नको अशी युक्ती केली. तोंडातली छोटी पट्टी चित्र थेट पडद्यावर पाठवू लागली. वाल्कहोफच्या पंचवीस मिनिटांपासून येथवर आलेला हा प्रवास आहे.

धोका फार लहान झाला, पण शून्य झाला असे कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. म्हणूनच १९७७ साली किरणसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने जे सूत्र मांडले ते आजही प्रमाण मानले जाते. त्यानुसार आधी त्या चित्राचे कारण पटले पाहिजे, आणि मग ते वाजवी रीतीने शक्य तितक्या कमी किरणांत घेतले पाहिजे.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनेही विचार बदलत होता. २५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्लोराइड घालण्यास सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांत किडीचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटले. फ्लोराइडच्या टूथपेस्ट आल्या. पुष्कळ मुलांची कीड आता सावकाश चालू लागली, काहींना तर ती लागेनाशी झाली. मग सर्वांनाच ठरावीक महिन्यांनी एकच तपासणी कशासाठी? १९७७ साली लंडनच्या ऑब्री शीहॅम याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विचारले की दर सहा महिन्यांनी दात तपासण्याच्या वहिवाटीला शास्त्राचा आधार तरी आहे काय? १९८७ साली अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाने तज्ज्ञांच्या साह्याने मार्गदर्शिका काढली. तीत भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा खुर्चीतल्या रोग्याला महत्त्व दिले होते. आधी तोंड पाहा, हकीकत विचारा, आणि मगच चित्राचे ठरवा. २०१२ सालच्या आवृत्तीत मुलांसाठी हेच अधिक स्पष्ट केले गेले. दुधाच्या दातांमध्ये फटी असतील आणि सर्व बाजू नजरेने व सळईने तपासता येत असतील, तर चित्राची गरज नाही. दाढा चिकटून बसल्या असतील आणि कीड झालेली असेल किंवा होण्याचा संभव जास्त असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी बाइटविंग घ्यावे. कीड नसेल आणि संभवही कमी असेल, तर बारा ते चोवीस महिन्यांनी पुरे.

रॉलिन्सच्या शिशाचीही शेवटी गंमत झाली. रोग्याच्या अंगावर शिशाचा एप्रन घालण्याची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली होती. २०२४ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने सांगितले की किरणांचा झोत नेमक्या जागेपुरता आखडला असेल तर त्या एप्रनची जरुरी नाही. म्हणजे रॉलिन्सच्या तिसऱ्या उपायाचा पूर्वार्ध, हव्या तेवढ्याच भागावर किरण पाडण्याचा, हाच अखेर सर्वांत मोलाचा ठरला. आपल्या देशात या यंत्रांवर देखरेख करण्याचे काम १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. त्याची मुख्य कचेरी मुंबईत अणुशक्तिनगरातच आहे. शहरातल्या छोट्या दवाखान्यातले दातांचे यंत्रही त्याच्या नियमांच्या कक्षेत येते.

एवढा इतिहास पाहिल्यावर आईबापांनी दंतवैद्याला काय विचारावे? पहिली गोष्ट, दाढांच्या मधली बाजू डोळ्यांनी दिसते का. दुसरी, मुलाला आधी कीड झाली आहे का, दातांवर खडूसारखे पांढरे डाग आहेत का, गोड किती वेळा खाल्ले जाते. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे दाताला जास्त बाधते. तिसरी, पूर्वीचे एखादे चित्र असेल तर तेच पाहून भागेल का. दुसऱ्या दवाखान्यात काढलेले चित्र बरोबर न्यावे, ते उगाच पुन्हा काढू नये. गाल सुजला असेल, रात्री दाढ ठणकत असेल, किंवा पडून दाताला मार लागला असेल, तर मात्र चित्राला घाबरून वेळ दवडू नये. जबड्याभोवती फिरून त्रिमित चित्र काढणारी मोठी यंत्रे आता आली आहेत. साध्या किडीच्या शोधासाठी ती नाहीत, हेही ठाऊक असावे.

आणि सर्वांत शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. "हे चित्र पाहून आपण वेगळे काय करणार?" कीड सापडली तर ती भरायची, की अगदी वरवरची असेल तर फ्लोराइड लावून, खाण्यापिण्याची शिस्त लावून तिला थोपवून धरायचे, की दात लवकरच पडणार म्हणून सोडून द्यायचा? या प्रश्नाला उत्तर असेल तर चित्र जरूर घ्यावे. नसेल तर चांगला दंतवैद्य स्वतःच म्हणेल, "थांबू या." किडीने दातातला बराच खनिज अंश नाहीसा केल्याशिवाय ती एक्स-रेत उमटतच नाही. त्यामुळे चित्र स्वच्छ आले म्हणून ब्रशाला सुट्टी मिळत नाही, हे घरच्या मंडळींनी चिरंजीवांना आताच सांगून ठेवावे.

केल्स, रॉलिन्स, डडली ही नावे आपल्या मुलांच्या कधी कानावरही येणार नाहीत. पण खुर्चीत बसलेले पोर पट्टी दातांत धरते, क्षणभर 'हलू नकोस हं' ऐकते, आणि पडद्यावर आपल्याच दाढा पाहून हसते, त्यामागे या माणसांचे भोग आहेत. त्यांची जाण ठेवायची असेल तर चित्र घेताना मुलाचे तोंड आधी नीट पाहू या. आणि सध्या फराळ तर आहेच. तो दिवसभर तोंडात घोळवीत न बसता जेवणाबरोबर खाऊ द्यावा, वर पाणी पाजावे, आणि रात्री निजण्यापूर्वी ब्रश हातात द्यावा.